इनिंग मोजणारे पंच

"घड्याळ बगायचं तर कंपनीत बगा, राव. हितं इनिंग मोजा." सॉफ्टबॉलच्या स्पर्धेत आयोजकांनी वेळेचं बंधन घातलं, की आमचे वरिष्ठ पंच हेच म्हणायचे.

ते चाकणजवळच्या गावचे. घरची शेती सांभाळून कारखान्यात शिफ्ट करायचे. आठवडाभर भोंग्यावर जेवणाऱ्या माणसाला रविवारी सात इनिंगांचा सामना पन्नास मिनिटांत गुंडाळावा लागला, की पुढ्यातलं ताट ओढून घेतल्यासारखं वाटायचं. मी बेसवरचा पंच. मला, खरं सांगतो, छोटे सामने आवडायचे.

थेरगावात मुलींच्या एका स्पर्धेचा अंतिम सामना मात्र पुरा सात इनिंगांचा ठरला. नेमका त्याच दिवशी चार वाजता, शेजारच्याच मंगल कार्यालयात, त्यांच्या भाचीचा साखरपुडा. तीनपर्यंत सामना आटपेल, असं त्यांनी घरी सांगितलेलं.

सात इनिंगांनंतर बरोबरी. आठवी, नववी, तरी बरोबरीच. मी कोमेजत होतो, ते खुलत चालले होते.

चारला वहिनी पैठणी सावरत आल्या. पाहुणे खोळंबलेत म्हणाल्या. "एवढी एक इनिंग," ते म्हणाले. दहाव्या इनिंगला बहीण तणतणत आली आणि खेळ बघत तिथंच उभी राहिली. तिला शोधत भाची आली, मग नवरामुलगा, शेवटी फेटा बांधलेले त्याचे वडील. त्यांनी मला नियम विचारले. अकराव्या इनिंगला ते माझ्याच निर्णयावर हुज्जत घालत होते.

बाराव्या इनिंगला एक मुलगी धुळीतून घसरत होमप्लेटवर आली. चेंडूही त्याच क्षणी आला. "सेफ" म्हटलं असतं तर सामना तिथंच संपला असता. प्लेटमागे उभ्या आमच्या वरिष्ठांनी प्लेटकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि मूठ उंचावली.

"आऊट."

बहिणीनं कपाळावर हात मारला. मुलाच्या वडिलांनी मात्र टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "हितं खोटं बोलला न्हाई, म्हंजी सोयरीक चांगल्या घरात झाली."

तेराव्या इनिंगला सामना संपला. साखरपुडा साडेपाचला झाला. फोटोत मामा पायाला पॅड बांधूनच उभे आहेत.

गेल्या वर्षी त्यांनी पंचगिरी सोडली. आता प्लेटमागे दुसरे उभे राहतात आणि आम्ही वेळेत घरी पोचतो. परवा करमेना म्हणून फोन केला. वहिनींनी उचलला. भाचीच्या सासऱ्यांना घेऊन माण गावाला सामना बघायला गेलेत म्हणाल्या, दोन वेळचा डबा बांधून.

कधी येतील, विचारलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्ये त्यांना तरी कुटं ठाव हाय?"