झोपाळ्याला घातलेलं तेल

सदुबुवा गेल्याची बातमी आली तेव्हा मी ठाण्याच्या घरी न्हाव्यापुढे बसलो होतो आणि गुणगुणत होतो त्यांचीच एक चाल. कल्याणहून सकाळच्या गाडीने आलेल्या शेजाऱ्याने दारातूनच सांगितलं. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला... महिना उलटून गेला, तरी बुवा आठवले की रडू येण्याआधी मला हसूच येतं. त्याला माझा इलाज नाही.

आमच्या नाटक मंडळीत बुवा पदांना चाली लावत आणि मी मिशा काढून नायिका होत असे. लोक ‘वन्स मोअर’ देऊन देऊन मला घाम फोडत. या सगळ्या चाली जन्मल्या बुवांच्या कल्याणच्या घरी, ओटीवरच्या झोपाळ्यावर. कड्या कुरकुरत, त्या कुरकुरीवर बुवा मांडीवर थाप देत पद बसवत. “हा माझा तबलजी. पगार मागत नाही, तंबाखूही मागत नाही,” असं म्हणायचे. त्या कड्यांना तेल घालायची घरात कुणाची छाती नव्हती.

एका दिवाळसणाला मात्र घोटाळा झाला. डोंबिवलीचे नवे जावई दत्तोपंत, सासऱ्यांची काही सेवा घडावी म्हणून, पहाटे उठून सगळ्या कड्यांना एरंडेल चोपडून मोकळे झाले. बुवा येऊन बसले, पायाने रेटा दिला... झोपाळा गप्प! पण दिवाळसणाला आलेल्या जावयाला बोलणार कसं? “वा! लोण्यासारखा चालतोय,” एवढंच म्हणाले आणि आत जाऊन बायकोपुढे, आमच्या यमूवहिनींपुढे, कपाळ बडवून घेतलं. जोगिणीच्या नव्या नाटकातलं मुख्य पद त्याच आठवड्यात हवं होतं. ते त्यांनी त्या मुक्या झोपाळ्यावर बसवलं. थाप नाही, ठेका नाही. संथ, लांबवर जाणारी चाल. प्रयोगाला मी ते गाऊ लागलो तर मागून कुणीतरी ओरडलं, “आरं, बाई झोपली का काय?” नाटक पडलं, आणि “जावयाच्या तेलाने घात केला” हे बुवांचं जन्माचं गाऱ्हाणं होऊन बसलं. मला विचाराल तर त्यांनी त्याहून सुंदर काही केलंच नाही. तसं सांगायला गेलो की म्हणत, “गप रे! पडलेल्या नाटकाची नायिका तू, तुला काय कळतं?”

न्हाव्यापुढे मी गुणगुणत होतो ते हेच पद. त्या सकाळपासून मात्र अंतऱ्याची शेवटची ओळ काही केल्या आठवेना. शब्द होते, चाल गेली. बुवांच्या गाजलेल्या चाली गाणारे आळीआळीत आहेत. हिला मी एकटा. मी विसरलो की ती संपली, या विचाराने जीव कासावीस व्हायचा.

परवा कल्याणला वहिनींना भेटायला गेलो. झोपाळ्यावर बसून पद म्हणू लागलो आणि अंतऱ्याशी अडलो. पुन्हा म्हटलं, पुन्हा अडलो. ते तेल केव्हाच सुकलं होतं, कड्या आपल्या जोरात कुरकुरत होत्या. दत्तोपंतही आलेले होते. ते बिचारे अजून त्या झोपाळ्यापासून चार हात लांबच बसतात. वहिनी माजघराच्या दाराआडून ऐकत होत्या.

“थांबा भावजी,” त्या म्हणाल्या. “ही चाल असल्या गोंगाटात झालेली नाही. जावईबापू, तेल आणा.”

दत्तोपंत दचकले. “मी? नको हो! बुवा रागावतील.”

“रागावू देत. आणा.”

वाटी आली. दत्तोपंतांनी एकही कडी कोरडी ठेवली नाही. मी हलकेच रेटा दिला. झोपाळा आवाज न करता गेला, आला... आणि ती ओळ न बोलावता गळ्यातून बाहेर पडली, शेवटच्या हरकतीसकट. दत्तोपंतांनी उपरण्यात तोंड लपवलं. हसत होते की रडत, मला दिसलं नाही. मी मात्र मोठ्याने हसलो, तिथेच, डोळे पुसत. त्या पदाला जन्मात कधी जे मिळालं नव्हतं, ते दाराआडून आलं.

“वन्स मोअर, भावजी.”