हिलोतल्या पालखीचे भोई

दुसऱ्याच्या वतीनं शब्द देऊन मोकळं व्हायचं, ही शोभना साळवीची जुनी खोड. शाळेत समोसे पाठवायचे असोत की कुणाला विमानतळावरून आणायचं असो, विनयला ते सगळ्यात शेवटी कळायचं. "अहो, मी हो म्हणून बसलेय," एवढं कानावर पडलं की तो बिचारा निमूट गाडीची किल्ली शोधायला लागायचा. पण या वर्षी तिनं कमालच केली. परक्या देवाची पालखी उचलायला माणसं आणते, म्हणून कबूल करून आली.

विनय वेधशाळेत सॉफ्टवेअर बघतो, म्हणून ही दोघं हवाईत, हिलोला आली. आल्या आल्या शोभनाचा जीव नुसता कावून गेला होता. बोलायला माणूस नाही, आणि न बोलता राहायचं तर तिला औषध घ्यावं लागेल! मग एकदा फिरताना तिला ते देऊळ सापडलं. लाकडी कमान, आत शिरताना हात धुवायला वाहतं पाणी, देवापुढे दोरीला बांधलेली घंटा. एक म्हातारी खराट्यानं पानं झाडत होती. शोभनानं कुणी न सांगता चपला काढल्या, हात धुतले, घंटा वाजवली आणि तिथेच घरी आल्यासारखं रडून घेतलं. म्हातारीनं दुसरा खराटा आणून हातात दिला.

ही हारुए ओनिशी. हवाईत वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणायची रीत, म्हणून हारुए आंटी. तिचे आजोबा जपानहून इथल्या मळ्यांवर ऊस तोडायला आले होते. राहायला धड झोपड्या नव्हत्या, तरी त्या लोकांनी आधी गावाकडच्या देवासाठी हे घर बांधलं. शोभनाला ते समजावून सांगावं लागलं नाही. तिचे वडील सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात फिटर होते. ती कॉलनीत, मळीच्या वासात वाढली. गळीत हंगामाला पूजा करून गव्हाणीत पहिली मोळी टाकतात, हे तिनं सांगितलं तेव्हा हारुए आंटी म्हणाली, "म्हणजे तूही उसातलीच!" त्या दिवसापासून देवळाची झाडलोट दोघींची झाली.

आंटी आता नव्वदीला टेकली होती. डोळे जवळजवळ गेले होते, टेकडीवरच्या देवळापर्यंत चढणं बंद झालं होतं. देवळाच्या शरदातल्या उत्सवात देवाची पालखी निघते, तिला मिकोशी म्हणतात. काळं लाकूड, वर पितळी पक्षी, चारही कोपऱ्यांना घंटा. उचलायला बारा खांदे लागतात. पण उसाबरोबर वस्ती संपली, मुलं होनोलुलूला नाहीतर कॅलिफोर्नियाला गेली, आणि राहिलेल्यांचे खांदे सत्तरीचे. देवळाची समिती बघणारा केन, आंटीचा पुतण्या, यंदा हात जोडून म्हणाला, की माणसं मिळाली नाहीत तर पालखी म्युझियमला देऊन टाकू.

"काचेत?" आंटी म्हणाली. "एकदा माझ्या दारापर्यंत आणा. मग ठेवा कुठे ठेवायची तिथे."

"मी आणते माणसं," शोभना म्हणाली.

तिनं खरंच आणली. नर्सिंग करणारा देवांग, विद्यापीठातली उर्वी, वेधशाळेतले दोन तेलुगू पोस्टडॉक, कोपऱ्यावरचा फिलिपिनो बेकरीवाला, ज्यानं 'नाही' म्हणायच्या आधीच ती दुकानातून निघाली होती. विनय तर हक्काचाच. त्याच्या ऑफिसातले आणखी सहा जण धरून बारा खांदे भरले.

"काकू, खांद्याची वाट लागणार यार," देवांग म्हणाला.

"तू नर्स आहेस ना? मग ट्रीट कर!"

तालीम घराच्या ड्राइव्हवेमध्ये. ॲल्युमिनियमच्या शिडीवर तांदळाच्या गोण्या बांधल्या आणि वर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. पाणी हिंदकळलं की शोभना ओरडायची, "देव आहे तो, पोतं नाही! पाऊल सांभाळा!"

"अगं, पालखी नाचवतात," विनय म्हणाला. तो गुहागरचा. "आमच्याकडे शिमग्याला..."

"तुमचं शिमग्याचं राहू द्या. दुसऱ्यांचा देव आहे. आपल्या हातून काही बरंवाईट झालं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

विनय पुन्हा शिडीखाली जाऊन उभा राहिला. लग्न झाल्यापासून ती एकदाही शिमग्याला गुहागरला आली नव्हती. ती धूळ, तो आरडाओरडा तिच्यानं सोसवायचा नाही, असं तिनं न जाताच ठरवून टाकलं होतं. एक दिवस केनही तालीम बघायला आला. त्यानं तांब्याकडे पाहिलं, भारतात असंच करत असतील असं मनाशी म्हणाला, अदबीनं वाकला आणि गेला. केन काही बोलला नाही, म्हणजे आपलं बरोबर आहे, असं शोभनाला वाटलं.

उत्सवाच्या दिवशी सगळ्यांना देवळाच्या पेटीतले निळे आखूड अंगरखे मिळाले. ते अकराच होते. बारावा हारुए आंटीच्या घरी होता, तिच्या नवऱ्याचा. ताकेओ पुढच्या डाव्या दांडीला असायचा. तो गेल्यापासून अंगरखा कुणी मागितला नव्हता. मग विनय त्या दांडीला उभा राहिला तो गणेशोत्सवाचा टी-शर्ट घालून.

पालखी उतारावरून निघाली ती अगदी झोक्यातल्या बाळासारखी. एक धक्का नाही, एक हिसका नाही. शोभना पुढे उलट्या पावलांनी चालत हातानं इशारे करत होती, आणि अभिमानानं तिचा ऊर भरून आला होता. कडेला उभे असलेले म्हातारे जपानी एकमेकांकडे बघत होते. हिला वाटलं, भारावून गेलेत.

आंटीच्या दारात पालखी थांबली. पोर्चमध्ये खुर्चीवर आंटी बसली होती, ठेवणीतला किमोनो घालून, मान एका बाजूला कलती करून.

"केन," ती म्हणाली, "अजून किती वेळ रे?"

पालखी तिच्यापासून चार हातांवर होती.

"आली, आंटी. समोरच आहे," केन हळूच म्हणाला.

"म्हातारीला फसवू नकोस. घंटा कुठे वाजल्या? देव येतो तेव्हा गल्लीच्या टोकापासून ऐकू येतो. त्याला हलवतात, उडवतात, वर्षभराचं आखडलेलं अंग मोकळं करतात त्याचं. माणसं मिळाली नाहीत, तर तसं सांग मला."

तेव्हा कुठे शोभनाच्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस तिनं ज्याचा थेंब सांडू दिला नव्हता, तो देवाचा आनंदच होता. तिला स्वतःचा असा राग आला, की तांब्या समोर असता तर तिनं तो समुद्रात फेकून दिला असता. ती वळली.

"अहो!" ती ओरडली. "तुमचं शिमग्याचं करा! नाचवा!"

विनयनं एकदाच तिच्याकडे पाहिलं, खात्री करून घेतल्यासारखं. मग गुडघ्यात वाकला आणि "हुर्रा रे!" म्हणून त्यानं अशी काही आरोळी ठोकली, की बेकरीवाला दचकून आपोआप उडाला. दांडी वर गेली, खाली आली, डावीकडे झुकली, उजवीकडे झेपावली. चारही घंटा एकदम खणखणल्या. कडेचे म्हातारे जागे झाले. "वाश्शोई! वाश्शोई!" त्यांनी पालखीची जुनी हाळी दिली. केन आपला दुखरा गुडघा विसरला आणि तोही दांडीला लागला. उर्वी हसत होती, देवांग "काकू, आय ॲम डाइंग!" म्हणत उडत होता, आणि शोभना टाळ्या पिटत रडत होती.

हारुए आंटीनं त्यांच्या रीतीप्रमाणे दोनदा वाकून नमस्कार केला, दोनदा टाळी वाजवली, पुन्हा वाकली. "आला," ती म्हणाली. "आला बघा."

मग तिनं हात पुढे केला. "पुढच्या डाव्या दांडीला कोण आहे?"

धापा टाकत विनय जवळ गेला. तिनं त्याचा खांदा चाचपला. हाताला टी-शर्ट लागला तशी तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि केनला घरात पाठवलं. तिनं तो निळा अंगरखा स्वतःच्या हातांनी विनयच्या अंगावर चढवला.

"घरीच ठेव," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा शोधायला लावू नकोस."

म्युझियमचं नाव मग कुणी काढलं नाही.

परतताना गाडीतही विनयनं अंगरखा काढला नाही. बाह्या त्याला कोपरापर्यंतच येत होत्या. शोभना वाटभर गप्प होती, आणि त्या शांततेची त्याला सवय नसल्यानं त्यानं दोनदा मान वळवून ती शेजारी आहे ना, ते बघितलं. घराच्या वळणाजवळ ती म्हणाली, "अहो, येत्या शिमग्याला गुहागरला जाऊ या का?"

विनयचं वळण चुकलं. पुढं जाऊन त्यानं गाडी कडेला घेतली आणि ताकेओच्या बाहीनं डोळे पुसले.