पाकटाचे पंख

काचेच्या टाकीत उतरून सुगंधाला अर्धं मिनिट झालं होतं. मी बाहेर उभी राहून मनात आकडे मोजत होते. मला स्वतःला पोहता येत नाही. मी शिवलेली शेपूट घालून कोणी पाण्यात उतरलं की मी असेच आकडे मोजते.

मी कॉश्च्युम डिझायनर. उल्हासनगरला छोटं वर्कशॉप आहे. वांगणीजवळच्या एका रिसॉर्टला पाण्याखालच्या शोसाठी मत्स्यकन्या हव्या होत्या. नेहमीची हिरवी चमचमती शेपूट मला करायची नव्हती. मी खरे जीव निवडले. सापासारखी लांब वाम, माकूळ म्हणजे स्क्विड, आणि पाकट. पाकट म्हणजे पतंगासारखा चपटा मासा. तो दोन्ही बाजूंच्या रुंद पंखांनी पोहतो. महिनाभर मी त्याचेच व्हिडिओ बघत होते.

सुगंधा चामटोलीची, जिल्ह्याच्या स्पर्धांमध्ये पोहलेली. पाकट तिच्या वाट्याला आला. पंख जिवंत वाटावेत म्हणून तिचे हात मी पंखांच्या आत घेतले. पाय मोनोफिनमध्ये, म्हणजे दोन्ही पायांना मिळून एकच मोठा पर. चेन पाठीला.

"मॅडम, एक नंबर," रिसॉर्टचे मालक म्हणाले. "शनिवारी ओपनिंगला हीच घेऊ."

माझी नजर पंखांवर होती. पाकटाच्या पंखात लाट डोक्याकडून मागे सरकत जाते. सुगंधाला ती सुरुवातीला छान जमली होती. आता मात्र दोन्ही पंख एकदम वर-खाली होत होते, पकडलेल्या कोंबडीसारखे. स्टाफने टाळ्या वाजवल्या.

"सर, तिला बाहेर काढा."

"अहो, ॲक्टिंग आहे ती. इशारा कुठे केलाय तिने?"

इशारा ठरलेला होता. अडचण आली तर हात डोक्यावर ठेवायचा. ते आठवलं आणि मी काचेकडे धावले. हात तर मीच आत शिवले होते.

"तिला हात बाहेर काढताच येत नाही," मी ओरडले.

काठावरच्या लाइफगार्डने मालकांकडे बघितलंसुद्धा नाही, थेट उडी मारली. त्याला ती एकट्याने उचलेना. दुसरा उतरला. सुगंधाचे डोळे काचेतून माझ्यावर खिळलेले. मी काचेला तळवा लावून उभी होते. त्यापलीकडे मला काही येत नव्हतं.

वर काढल्यावर ती बराच वेळ खोकत राहिली. लाइफगार्डने माझ्या हातातून कात्री घेतली आणि पंख कापले. पंखाची शिवण आतून उसवली होती. दोन थरांत पाणी भरून त्याची पखाल झाली होती.

"ताई, मी इशारा करत होते," सुगंधा म्हणाली. "आतल्या आत."

ओपनिंग पुढे ढकललं. मी हात मोकळे ठेवले, पंखांना पाणी निघायला भोकं पाडली, चेनऐवजी पुढून एका ओढीत सुटणारा वेल्क्रो लावला.

"आता पाकट वाटत नाही," मालक म्हणाले.

"नाही वाटत."

सुगंधाने ड्रेस उलटापालटा करून बघितला. "आधी तुम्ही घालून दाखवा."

कंबरभर पाण्यात मी तो घातला. श्वास धरून डोकं बुडवलं आणि वेल्क्रो ओढला. तिने तीनदा करायला लावलं. मग ती उतरली.

ड्रेस दिसतो कसा, हे आरसा सांगतो. सुटतो कसा, हे घालून बुडल्यावरच कळतं.