बोंबलांचा पासंग

कथील माझ्या जुन्या ओळखीचं. स्टीलच्या भांड्यांच्या धंद्यात पडण्याआधी मी कल्हईवाल्यांना तेच विकायचो. त्यामुळे कथिलाच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी तापवली की ती गॅस ओळखते, असं माझ्या शिकलेल्या, पीएचडी झालेल्या भागीदाराने सांगितलं तेव्हा मी नवघरचा गाळा लगेच रिकामा करून दिला. गाळा माझा, भट्टी माझी, गिऱ्हाईकंही माझी. तांदळाच्या दाण्याहून लहान सेन्सर तयार झाला आणि हे गृहस्थ वेगळे झाले. वर बाजारात सांगत सुटले, "तो भांडीवाला. त्याचं यंत्र कशावरही भुंकतं." ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

समुद्रकाठच्या पालीला बर्फाचा कारखाना चालवणाऱ्या मावशींच्या कानावरही ते गेलं होतं. बर्फ गोठवायला अमोनिया लागतो, आणि तो गळला तर कामगारांच्या जिवावर बेततं. मावशींनी यंत्र घेतलं असतं तर किनाऱ्यावरचे बाकीचे कारखाने आपोआप आले असते. नाही म्हणाल्या असत्या तर भागीदार खरा ठरला असता.

कॉम्प्रेसरजवळ यंत्र टांगून चालू केलं, तर ते लगेच बोंबलायला लागलं. गळती कुठेच नव्हती.

मावशींनी दाराबाहेर बोट दाखवलं. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. "ओ शेट, तुजं यंत्र बोंबील बघून बोंबलतंय! आमची मांजर बी येवढंच करते. तिला लाईट लागत न्हाय."

कामगार खो खो हसले. माझं डोकं फिरलं. "मग मांजरीलाच टांगा इथे!" म्हणत मी यंत्र काढायला हात घातला आणि तसाच थांबलो. वाळत्या मासळीचा वास अमोनियाच्याच जातकुळीचा. आम्ही यंत्राचं शून्य धरलं होतं नवघरच्या हवेत आणि मोजत होतो पालीची हवा. तराजूचं एक पारडं मुळातच जड असलं तर दुकानदार काय करतो? दुसऱ्याला पासंग बांधतो.

पिशवीत आणखी एक सेन्सर होता. लांब वायर जोडून तो बाहेर वलांडीपाशी लावला आणि दोघांतला फरकच मोजायचा, असं यंत्रात बसवलं. बोंब थांबली. मग कापसाच्या बोळ्यावर किंचित अमोनिया घेऊन आतल्या सेन्सरखाली धरला. यंत्र किंचाळलं. बोळा दूर नेल्यावर हळूहळू शांत झालं. मावशींनी बोळा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा करून बघितलं.

"वर्षभर दुरुस्ती फुकट देशील?"

"दोन वर्षं देतो, मावशी. पण आधी माझ्या भागीदाराला फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी खरंच लावला. "डाक्टर, तू बोललास ते खरं हाय. भुंकतं ते. पण आता चोर बघून भुंकतं."

मला याहून झोंबणारं काहीतरी हवं होतं. तरी दोन वर्षं दिली.