बाजारातलं कुलूप आणि आत्याची निवडणूक

आमच्या घरात देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात उदबत्त्या, काडेपेट्या आणि पत्रकं असायची. पत्रकं वडिलांची. मोर्चा कुणाचाही असो, वाटून उरलेला गठ्ठा आमच्याकडे यायचा आणि पुढे वर्षभर डब्यांखाली अंथरायला, वह्यांना कव्हर घालायला, दिवाळीत करंज्या निथळायला कामी यायचा. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. 'जाहीर निषेध' मला 'बदक'च्या आधी वाचता येत होतं. शाळेत 'माझी आई' या निबंधाची सुरुवात मी 'बंधू-भगिनींनो' अशी केली होती आणि शेवट मागण्यांनी.

त्यामुळे आत्याने जव्हारच्या नगराध्यक्षपदासाठी अपक्ष उभं राहायचं ठरवलं, तेव्हा पत्रक कुणी लिहायचं यावर चर्चाच झाली नाही. चर्चा झाली ती पत्रकाच्या लांबीवर.

आत्या एसटीत कंडक्टर होती, नुकतीच निवृत्त झालेली. उभं राहायचं तिचं कारण एकच होतं, आणि ते बाजारात भाजीच्या ओट्यांमागे उभं होतं. बायकांची मुतारी. नवी, फरशी बसवलेली, वर टाकी, आणि दाराला हाताएवढं कुलूप. कापडाच्या दुकानाचे एक शेठ होते, त्यांनी ती आपल्या आईच्या स्मरणार्थ स्वतःच्या पैशाने बांधून घेतली होती. उद्घाटन मोठ्या साहेबांच्या हस्ते करायचं होतं आणि साहेबांची तारीख मिळत नव्हती. दारावरच्या नावाच्या पाटीवर टाकलेला लाल कपडा दोन पावसाळ्यांत गुलाबी झाला होता. किल्ली शेठच्या गल्ल्यात होती. गावात गेली कित्येक वर्षं शेठच्या गटाचंच चालायचं आणि या खेपेला नगराध्यक्षपदाला ते स्वतः उभे होते.

बाजाराच्या दिवशी दाभोसा, साखरशेत इकडच्या बायका पहिल्या जीपने यायच्या, मिरच्या आणि वालाच्या शेंगा मांडून दिवसभर बसायच्या आणि दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. आत्याला हे कुणी सांगावं लागलं नव्हतं. परतीची दाभोसा गाडी तिचीच असायची. बाजाराच्या दिवशी ती गाडी एका ठरावीक वळणावर, दाट झाडीपाशी, तापायची. हिवाळ्यातसुद्धा. ड्रायव्हरकाका उतरून बॉनेट उघडायचे आणि इंजिनात डोकं घालून उभे राहायचे, पुरुष प्रवासी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन विड्या ओढायचे आणि बायका झाडीत जाऊन यायच्या. मग आत्या डबल बेल मारायची आणि गाडी आपोआप बरी व्हायची. एकदा एक मेकॅनिक गाडीबरोबर मुद्दाम आला होता. बिचाऱ्याने सगळं इंजिन चाचपलं आणि शेवटी 'चढ फार आहे' असं लिहून दिलं.

मी पत्रक लिहिलं ते चार पानांचं झालं. पहिल्या पानावर जगातली विषमता होती, दुसऱ्यावर राज्यातली, तिसऱ्यावर तालुक्यातली, आणि चौथ्या पानाच्या तळाशी 'महिला प्रसाधनगृहाचा प्रश्न' होता.

आत्याने चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं आणि विचारलं, "मुतारी कुठल्या स्टॉपला येते?"

"चौथ्या पानावर."

"तोवर गाडी रिकामी होईल, पोरी. तिकिटाएवढं लिही."

"तिकिटाएवढ्यात विचार मावत नाही, आत्या."

"माणूस मावतो की. नाव नाही, गाव नाही, तरी पार मोखाड्यापर्यंत जातो."

शेवटी तिकिटाएवढ्याच कागदावर छापलं. 'बाजारातली बायकांची मुतारी उघडा. मत द्या.' खाली तिचं नाव आणि नियमाप्रमाणे छापखान्याचं. मुतारी हा शब्द बघून छापखान्याच्या मालकांनी मला दोनदा विचारलं की घरी विचारून आलीस का. खरं सांगायचं तर मलाही तो शब्द जड गेला. जगातल्या विषमतेवर मी चौकात उभी राहून बोलू शकते, पण हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने म्हणताना माझा आवाज कापडाखालून आल्यासारखा आला. प्रचाराच्या रिक्षावाल्याने तर सरळ सांगितलं की तो माईकवर 'ती सोय' असं म्हणेल. दोन दिवस गावभर 'ती सोय उघडा' असं ऐकू येत होतं आणि लोक दारूच्या दुकानाबद्दल चौकशी करत होते.

तिकिटाचा उपयोग मात्र मला नंतर कळला. आत्याकडे तिच्या सुरुवातीच्या दिवसांतला जुना पंच होता. ती दारोदार जाऊन चिठ्ठी द्यायची आणि देताना खटकन भोक पाडायची. भोक पाडलेलं तिकीट उतरेपर्यंत टाकायचं नसतं, हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. शेठची गुळगुळीत रंगीत पत्रकं गटारात तरंगत होती आणि आत्याच्या चिठ्ठ्या लोकांच्या शर्टाच्या खिशात होत्या. एका गुरुजींनी तर मला थांबवून आपली चिठ्ठी काढून दाखवली, तपासनीस चढल्यासारखी.

मग बाजाराच्या दिवशी सभा ठेवली. हातगाडीवर मी उभी, समोर बाजार. मी बोलायला लागले आणि माणसं जमायला लागली. ओट्यांवरच्या बायका उठून आल्या, जीपच्या टपावरून पोरं उतरली, बकऱ्या घेऊन आलेले बकऱ्यांसकट आले. पार कपड्यांच्या दुकानांपर्यंत गर्दी. मी 'मुतारी' म्हटलं आणि टाळ्या पडल्या. असा शब्द आणि अशा टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. शेठच्या दुकानाच्या पायरीवर त्यांची माणसं उभी राहून एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

मी खाली उतरून आत्याच्या कानात म्हटलं, "आत्या, आपण जिंकलो."

आत्याने गर्दीवरून नजर फिरवली, तिकीट फाडायच्या आधी फिरवायची तशी. मग हातगाडीला धरून ओरडली, "दाभोसा किती?"

अर्ध्या गर्दीने हात वर केले.

"साखरशेत?"

उरलेल्यातल्या बऱ्याच जणांनी केले.

"जव्हार गावातलं कोण आहे?"

एक हात वर आला. आमच्या रिक्षावाल्याचा.

"पण बाई," तो म्हणाला, "माझं मत मोखाड्याला आहे."

मी हातगाडीवर बसले. ज्यांना मुतारी हवी होती त्यांचं गावाच्या हद्दीत मत नव्हतं, आणि ज्यांचं मत होतं त्यांच्या घरी संडास होता. चार पानं लिहूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी आत्याला म्हटलं, "तुला हे आधीच माहीत होतं."

"हद्द कुठे संपते ते कंडक्टरला माहीत असतं. तिथून पुढे तिकीट वाढतं."

"मग कशाला उभी राहिलीस?"

"कुलूप उघडायला. तू जिंकायला उभी राहिलीस, मी नाही."

दाभोशाची एक म्हातारी मिरच्यांच्या टोपलीवर फडकं टाकत हे सगळं ऐकत होती. आत्याला ती कंडक्टरबाय म्हणायची, सगळेच म्हणायचे. ती म्हणाली, "कंडक्टरबाय, मत नाय आमचा. पन शेठ आमालाच इकतो ना लुगडी? चल गं लिवणाऱ्या बाय, माझ्यासंगं."

ती, तिची सून आणि नात, आणि मागून मी, अशा आम्ही शेठच्या दुकानात शिरलो. शेठ स्वतः गादीवर होते. मला बघून त्यांनी हात जोडले, कारण प्रचार चालू होता, आणि म्हातारीला बघून साड्या काढल्या, कारण लग्नसराई जवळ आली होती.

"नातीचं लगीन हाय," म्हातारी म्हणाली. "बस्ता काढायचाय."

लग्नाचा बस्ता म्हणजे सगळ्या घरादाराचे कपडे. शेठचा चेहरा खुलला. त्यांनी एक साडी उलगडली. म्हातारीला तिच्या खालचा रंग हवा होता. मग त्याच्या खालचा. मग सुनेला काठ बारीक हवे होते. बघता बघता गादी दिसेनाशी झाली आणि शेठ साड्यांमध्ये कमरेपर्यंत बुडाले.

"आता सांगा, कुठली बांधू?"

"बांधा की. पन बस्त्याला टाईम लागतो शेठ. सगळा दिस जातो. मधीच बायांना जायाचा झाला तं कुठं जायाचा?"

शेठ घडी घालायला लागले. "तेवढं उद्घाटन होऊ द्या, मावशी."

"हौ द्या ना. आमी थांबू. मुतारी उघडली का बस्ता बघू."

ती उठली. दारातून बाहेर पडताना समोरून दुसऱ्या चौघी आत येत होत्या. त्यांच्याही घरी लग्न होतं. त्या दिवशी त्या सगळ्या पट्ट्यात एवढी लग्नं निघाली की कापडवाले, भांडीवाले, मंडपवाले सगळे आधी आनंदले आणि मग शेठच्या पायरीवर जाऊन काहीतरी हळू आवाजात बोलले.

पुढच्या बाजाराला सकाळी कुलूप निघालेलं होतं. आचारसंहिता असल्यामुळे ना नारळ, ना फीत. दार उघडं, कडीला लटकतं कुलूप, पाटीवर तोच गुलाबी कपडा.

मी चिडून घरी आले. आमचा एकमेव मुद्दा त्यांनी पळवला होता. जेवायच्या आत मी 'हा विजय चोरीचा आहे' असं दोन पानी पत्रक लिहून काढलं. ते घेऊन बाजारात गेले तर आत्या रांगेत उभी होती. आत गेली, बाहेर आली, हात पदराला पुसले.

"पाणी येतंय," ती म्हणाली. एवढं समाधान मी तिच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं. मग कडीला लटकणारं कुलूप तिने काढलं आणि आपल्या चामडी पिशवीत टाकलं. माझं पत्रक तिने वाचलं नाही. आत कागद लागतो, एवढंच म्हणाली.

आत्या हरली. फार मतांनी नाही, पण हरली. मतमोजणीच्या ठिकाणाहून आम्ही चालत घरी आलो तेव्हा मी रडत होते आणि ती वाटेत भेटेल त्याला चिठ्ठी परत मागत होती, प्रवास संपला म्हणून.

आठच दिवसांत शेठना साहेबांची तारीख मिळाली. आता अडचण अशी की वापरलेल्या मुतारीचं उद्घाटन कसं करायचं. ती धुऊन, रंग देऊन, महिनाभर बंद ठेवायचं ठरलं. शेठचा माणूस लोखंडी सामानाच्या दुकानात गेला. मी तिथे खिळे घेत होते, तेव्हा हे माझ्या समोर झालं.

"मोठं कुलूप द्या."

"संपलं," दुकानदार म्हणाले. त्यांच्याकडून विळे आणि कुदळी घ्यायला समोर साखरशेतच्या तिघी उभ्या होत्या.

"मागे माळ लटकतेय ती?"

"सँपल आहेत."

"एक सँपल द्या."

"सँपल विकत नाहीत," एकदम गंभीरपणे दुकानदार म्हणाले आणि विळ्याची धार बघायला लागले. पुढच्या दुकानात, मला नंतर कळलं, कुलूप होतं पण किल्ल्या संपल्या होत्या.

नाशिकहून आणता आलं असतं. पण शेठनाही बहुतेक तेवढ्यासाठी नाशिकची वारी करणं बरं दिसलं नसावं. ते संध्याकाळी पेढे घेऊन आमच्याकडे आले.

"ताई, कुलूप तुमच्याकडे आहे म्हणतात."

"आहे ना. बेवारस सामान म्हणून जमा केलंय." आत्याने मला हाक मारली. "यांना कागद दे. अर्ज लागतो, शेठ. वस्तू काय, कुठे राहिली, आणि आता कशासाठी हवी, सगळं लिहायचं. खाली सही."

"एवढ्यासाठी अर्ज?"

"गाडीत राहिलेल्या छत्रीलाही लागतो."

मी पुढे झाले. "मी लिहून देते, शेठ. तुम्ही फक्त सही करा. 'मी नवनिर्वाचित नगराध्यक्ष, बायकांच्या मुतारीस पुन्हा लावण्यासाठी...'"

शेठनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, देव्हाऱ्याखालच्या कप्प्याकडे पाहिलं. अर्जाच्या किती प्रती निघतील याचा अंदाज त्यांना आला असावा. ते म्हणाले, "राहू द्या. पेढे घ्या." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात परिणामकारक पत्रक ते होतं, आणि ते अर्ध्या वाक्याचं होतं.

त्यानंतर आत्या मला घेऊन दाभोशाला गेली, बायकांना भेटायला. मत नसलेल्यांचे आभार मानायला जाणारी ती पहिलीच उमेदवार असावी. रात्री मुक्काम केला आणि पहाटे, बायका बाजाराच्या जीपला निघायच्या आत, प्रत्येक घरी कोरा चहा. नाही म्हटलं तर राग येतो म्हणून मी सहा घरांत सहा कप प्यायले. परतीच्या गाडीवर तेच ड्रायव्हरकाका होते. ते वळण जवळ आलं, झाडी दिसायला लागली आणि मी आशेने पुढे सरकून बसले.

गाडी वळणावरून सरळ निघाली.

"काका," मी म्हटलं, "तापली नाही?"

"आता तापत नाही, ताई. बाजारात सोय झाल्यापासून एकदम ठणठणीत आहे."

आत्याने खिडकीबाहेर बघत विचारलं, "चार पानांचं पत्रक आणलंयस का? वाच, वेळ जाईल."

जव्हारला उतरल्याबरोबर मी भाजीच्या ओट्यांमागे धावले. बाजाराचा दिवस होता. रांगेत नऊ जणी होत्या, सगळ्यात पुढे मिरच्यांची तीच म्हातारी. तिने मला ओळखलं.

"लिवणारी बाय हाय. जाऊ द्या तिला फुडं."

सगळ्या बाजूला सरकल्या. दार समोर होतं, उघडं. पण रांग मोडणाऱ्यांवर मी आजवर एवढं काही लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, "नको. माझा नंबर दहावा आहे."

"बघ बाय," म्हातारी म्हणाली आणि आत गेली. मी गुलाबी कपड्याकडे बघत उभी राहिले आणि एक पाय दुसऱ्या पायावर घट्ट दाबून धरला.