राघवेंद्रसरांचं ‘नोडोणा’

मनिषा वडगावच्या विणकराची पोर. आप्पांच्या मागाच्या खडखडाटात अभ्यास करून इंजिनिअर झाली आणि टिळकवाडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. घरचे लई खूश. पण नशिबी साहेब आले ते राघवेंद्रसर.

माणूस वाईट नव्हता हो. चिडायचा नाही, आवाज चढवायचा नाही. कुणी काही नवीन सुचवलं की मान डोलवून म्हणायचा, “नोडोणा.” कन्नडात याचा अर्थ ‘बघूया’. सरांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘विसरा’. त्या एका शब्दानं चांगल्या चांगल्या पोरांच्या डोक्याला गंज चढला. सांगितलं तेवढं करायचं, संध्याकाळी गाडीला किक मारायची आणि घरी जायचं.

मनिषाला ते जमेना. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. निपाणीच्या एका दवाखान्यात ती कामाला गेली, तर तिथं यल्लव्वा नावाची एकच म्हातारी कॉम्प्युटरात दोन बायका होऊन बसलेली. काउंटरवरच्या मराठी पोरीनं नाव आपल्या पद्धतीनं घातलेलं, कन्नड पोरानं आपल्या. कुठलं औषध सोसत नाही ते एका नावावर, आणि त्याच औषधाचं इंजेक्शन लिहिलं दुसऱ्या नावावर. म्हातारी थोडक्यात वाचली. मनिषाचं टाळकंच सरकलं. दोन्ही भाषांतली नावं उच्चारावरून ताडून “ही बाई तीच काय?” असं विचारणारा भाग तिनं स्वतःहून तयार केला.

“दवाखान्यानं मागितलंय काय हे?” सरांनी विचारलं.

“न्हाय सर, पण गरज हाय.”

“मग नोडोणा.”

तो भाग त्यांनी काढून टाकायला लावला. मनिषानं तो आपल्या लॅपटॉपवर जपून ठेवला.

पुढं निपाणीच्या त्याच दवाखान्याच्या डॉक्टर शाल्मली नवीन काम बघायला कंपनीत आल्या. “तू नुसती बटणं दाब, बोलायचं मी,” असं सरांनी मनिषाला आधीच बजावलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, “त्या दोन यल्लव्वांचं काय केलंत?”

“नोडोणा, मॅडम,” सर गोड हसले.

मनिषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं आपला लॅपटॉप पुढं सरकवला. “नोडोणा न्हाय सर, नोडी,” ती म्हणाली. बघूया नाही, बघा. आत्ता. तिनं नाव टाकलं, आणि दोन्ही यल्लव्वा पडद्यावर एकीखाली एक येऊन उभ्या राहिल्या.

“हे पाहिजे आम्हाला,” बाई म्हणाल्या.

“तुमच्यासाठीच करून घेतलंय,” सर पटकन बोलून गेले. काय म्हणावं या माणसाला!

बाई गेल्यावर सरांनी मनिषाला केबिनमध्ये घेतलं. कोरा कागद आणि पेन पुढं सरकवलं. “यापुढं न विचारता काही करणार नाही, असं लिहून दे. नाहीतर घरी बस.”

हातातली नोकरी जाणार हे तिला दिसत होतं. घरी आप्पांना काय सांगायचं, हेही क्षणभर मनात आलं.

“काढायचं असलं तर काढा सर,” ती म्हणाली. “पण मला सुचायचं काय थांबणार न्हाय.”

आणि पेनाला हात न लावता ती उठली.