आतली कडी

सावंतवाडीच्या स्टँडवर आईने मला पुण्याच्या गाडीत बसवलं तेव्हा माझ्याजवळ एकच पिशवी होती. तिच्यात दोन साड्या, बारावीचं सर्टिफिकेट आणि दोन किलो उकडे तांदूळ. तांदळाचं ओझं कशाला, म्हणून मी कुरकुरले, पण तिचं लक्षच नव्हतं. बाबा मागोमाग येतात की काय, म्हणून ती सारखी वळून बघत होती. गाडी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "थंय खोलयेक आतून कडी आसा काय, ता आधी बघ. नसली तर ऱ्हव नको."

याला अकरा वर्षं झाली. गावी, आरोंद्यात राहिलेल्यांना वाटतं, मी नोकरीसाठी गेले. पुण्यात भेटणाऱ्या गाववाल्यांनाही मी तेच सांगत आले. ते खोटं होतं. मी घाबरून पळाले होते, आणि अजून घाबरलेलीच आहे.

मला लग्न करून रेडी गावात दिलं होतं. सात महिन्यांत मी माहेरी येऊन बसले. काय झालं ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. चारचौघांत तर इतका गोड, की बायका मला नशीबवान म्हणायच्या. पण खोलीचं दार लागलं की मी नको म्हटलं, रडले, हात जोडले, तरी तो थांबत नसे. आईला मी फक्त म्हणाले, "माका थंय भय वाटता." आईने ते बाबांच्या कानावर घातलं ते असं: पोरीक थंय करमणा नाय.

बाबांनी आमच्याकडे करतात तेच केलं. गावदेवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि बाबांच्या वतीने विचारलं, पोरीक सासरी करमणा नाय, तिका परत धाडू काय? उजवीकडची पाकळी पडली. म्हणजे होय. देवीचा मला कधी राग आला नाही. जे विचारलं त्याचं उत्तर तिने दिलं. खरं काय झालं ते तिच्यासमोर कोणी बोललंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा मला पोचवायला निघणार होते. ते विहिरीवर आंघोळीला गेले आणि तेवढ्यात आई मला घेऊन पहिल्या एसटीने सावंतवाडीला निघाली. कौल मोडला. तेव्हापासून आमच्याकडे म्हैस आटली तरी खापर माझ्या डोक्यावर फुटतं.

आता मी एका लॅबमध्ये रिपोर्टच्या खिडकीवर बसते. 'पावती दाखवा', 'उद्या उपाशीपोटी या', दिवसभर हेच बोलते. आरोंद्याचं आमचं खाडीकडचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. इथे माझ्या दाराला लॅच आहे, कडी आहे, वर साखळी आहे, आणि तरी मी दाराला खुर्ची टेकवते.

हल्ली टीव्हीवर एकच वाद चालू असतो. नवऱ्याने बायकोवर केलेली जबरदस्ती कायद्याने गुन्हा मानायची की नाही. परवा डबा खाताना आमचे सिनियर म्हणाले, "लग्न केलं म्हणजे होकार दिलाच की. आता काय रोज सही घ्यायची?" सगळे हसले. मीही हसले, आणि त्याची मला अजून लाज वाटते. पण नसते हसले तर कोणीतरी विचारलं असतं, तुमचे मिस्टर कुठे असतात? कागदावर मी अजून त्याची बायको आहे. एकदा एका वकीलबाईंकडे गेले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, घटस्फोटाचं बघता येईल, पण तुम्ही सांगताय त्याला, करणारा नवरा असेल तर, आपला कायदा बलात्कार म्हणत नाही. मी पुन्हा गेले नाही.

मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. "जावय नारळ घेवन इले हुते. मागचा सगळा विसरूया म्हणतत. सोमवारी परत कौल लावतंय. तू ये, नायतर ते थंय येतले तुका न्हेवक. पत्तो दिलंय मी."

तेव्हापासून कुरिअरवाल्याने बेल वाजवली तरी मी दार न उघडता आतूनच नाव विचारते.

काल दुपारी आईचा फोन आला. बाबा गुरवाकडे गेले होते. मला वाटलं, ही आता समजूत काढणार. ती हळू आवाजात म्हणाली, "टीव्हीर ता नवऱ्याचा सांगतत, ता माका समाजला. कायदो झालो काय गो?"

"नाय आये. अजून नाय."

तिने आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाली, "झालो तर म्हाताऱ्या बायकांकपण लागतलो काय?"

आई-बाबा झोपायचे त्या आमच्या माजघराच्या दाराला आतून कडी नव्हती, हे मला आत्ता आठवलं. मी त्या दाराबाहेर वाढले, अभ्यास केला, आंब्याच्या फोडी खाल्ल्या. त्या घरासाठी मी अकरा वर्षं रडत होते.

आईने विचारलं, "तुझ्या दाराक आतून कडी आसा मा?"

"आसा."

"मगे माका गाडयेचो टायम सांग."

मी सांगितला. आई रविवारी सकाळी पोचेल. माझा पत्ता नवऱ्याकडेही आहे. हे लिहिताना माझा एक कान बेलकडे आहे. घर कुठे, असं आता कोणी विचारलं, तर जिथे आई आत आल्यावर मला कडी लावता येईल, तिथे. फक्त तिने आधी पोचायला हवं.